विसाव्याच्या पुढे

गोमाजी गेला तो श्रावणातल्या एका सकाळी, न्याहरीच्या वेळेला, आणि सगळ्या उंबरकोंडाला अडचणीत टाकून गेला.

पोलादपुरावरून वर चढत गेलं की डोंगराच्या पोटाशी चौदा घरांचा हा कोंड लागतो. इथं गेली तीस वर्षं कोणीही मेलं तरी त्याला मार्गी लावायचं काम गोमाजीचं. तो भट नव्हता की जंगम नव्हता. दोन खाचरं भाताची आणि ओढ्यावरच्या उतारावर नाचणीचा एक तुकडा, एवढं कसून पोट भरणारा साधा कुणबी. पण कोणाच्या घरातून रडणं ऐकू आलं की हातातलं काम टाकायचा, कमरेला कोयती लावायचा आणि बांबूच्या बेटाकडे निघायचा. बाकीचे पुरुष त्याच्या मागं. हे धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटलं की सोडायचं. शिकलं कोणीच नाही. शिकायची सोयही नव्हती. घरात मयत नसताना तिरडीचं नाव काढलं तर मयत घरात येतं, ही कोंडाची पक्की समजूत. आणि मयत असताना शिकत बसायला सवड कोणाला असते? सगळी विद्या एका डोक्यात राहिली आणि ते डोकं आता माजघरात घोंगडीवर निपचित पडलं होतं.

माणसं कमी होती म्हणावं तर तसंही नाही. एरवी श्रावणात कोंडावर म्हातारे आणि बायकाच. यंदा मुंबईच्या गिरण्या बंद पडून चार महिने झाले होते, संप मिटायची चिन्हं नव्हती, आणि कोंडावरचे नऊ-दहा गिरणीवाले घरी येऊन बसले होते. पडवीत पत्ते कुटत होते, घरातली वर्षाची नाचणी खात होते, आणि बेणणीला नेलं तर गवताबरोबर भातही उपटून मोकळे होत होते. गोमाजीचा मुलगा सहदेव त्यातलाच एक. तेव्हा खांदे भरपूर होते. डोकं एक होतं, तेच गेलं.

रंगूबाईनं नवऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं, डोळे मिटले, हनुवटी थोडा वेळ वर दाबून धरली. पंधरा दिवसांच्या तापानं त्याची कातडी कोरडी पडली होती आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखलानं पडलेल्या चिखल्या अजून ओल्या होत्या. शेजारच्या बाया आल्या, तिला धरून बसल्या. तिनं पहिला हंबरडा फोडला. दुसऱ्यासाठी श्वास घेतला तोच दारातून सहदेव म्हणाला,

"आये, बांबू किती तोडायचे?"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. रंगूबाई घेतलेला श्वास तसाच सोडून म्हणाली, "दोन. हिरवे. तुज्या बापापेक्षा हातभर लांब. आन् आडव्या कामट्या सात."

"कामट्या म्हंजे?"

"बांबू चिरून काढतात त्या रे. कुडाला लावतो नाय का आपन."

सहदेव गेला. बायांनी पुन्हा तिचा हात धरला, पण मघाचं रडणं कुठे गेलं ते तिला सापडेना.

मसणवटात ती उभ्या जन्मात गेली नव्हती. बायकांनी वेशीपुढे जायचं नाही हा रिवाज. पण मयत पोचवून गोमाजी परत आला की उंबऱ्याबाहेर दगडावर बसायचा, ती त्याच्या अंगावर कढत पाणी ओतायची, आणि तेवढ्या वेळात तो बोलायचा. एरवी अबोल माणूस. त्या दगडावर मात्र तोंड सुटायचं, आणि तेही तक्रारींसाठी. आज सुंभ जुनं आणलं होतं. आज मडकं गळकं निघालं. आज अमक्यानं खांदा बदलताना पाय चुकवला. तीस वर्षं तिनं पाणी ओतलं आणि ऐकलं. काय चुकतं ते सगळं तिला पाठ होतं. बरोबर कसं असतं ते त्यावरून ताडायचं.

सहदेवला एवढंही नव्हतं. मुंबईत त्यानं चार-पाच मयतं बघितली होती. चाळीतलं कोणी गेलं की कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "मयताचं सामान द्या" म्हणायचं. दुकानदार फक्त विचारायचा, बाई की बुवा. मग बांबूपासून गुलालापर्यंत सगळं एकत्र बांधून मिळायचं. त्या सामानातल्या एकेका वस्तूला वेगळं नाव असतं हे त्याला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बाप मेल्यावर कळत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

बाहेर पाऊस लागून राहिला होता. तीन दिवस त्यानं दम घेतला नव्हता. पडवीतून कोयतीचे ठोके ऐकू यायला लागले आणि रंगूबाईनं मान वर केली.

"सहदेव! आवाज कुठनं येतो?"

"पडवीतनं. तिरडी बांधतोय. भायेर धो धो लागलाय."

"सोड. सगळी सोड. अंगनात बांध."

पडवीतून येसाजीचा आवाज आला. येसाजी गोमाजीचा थोरला चुलतभाऊ, कोंडात वयानं सगळ्यांत मोठा, आणि आपल्याला सगळं येतं असं दाखवायची त्याला भारी हौस. तो मोठ्यांदा म्हणाला, "पावसात सुंभ भिजंल, गाठ धरायची नाय. बांधा रे हितंच. कोन बगतंय?"

तो रंगूबाईचा जेठ. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी समोरून एक शब्द बोलली नव्हती, त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तिनं भिंतीकडे तोंड करून सहदेवला सांगितलं, "तुज्या चुलत्याला सांग, छपराखाली बांधलेली तिरडी त्या छपराखालचं दुसरं मानूस मागते. घरात तुजी बायको हाय, पोर हाय. तुजा बाप असता तर त्यानं कोयती फेकून मारली असती."

सहदेवला काही सांगावं लागलं नाही, सगळ्यांनी ऐकलंच होतं. गिरणीवाल्यांनी बांबू उचलले आणि अंगणात गुडघाभर चिखलात नेऊन टाकले. सातही कामट्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. भिजलेलं सुंभ फुगलं होतं, गाठ सरकत होती. शेजारचा चांगू कापडखात्यात साच्यावर होता. तुटलेला धागा त्याच्या बोटांना डोळे मिटून सापडायचा. इथं दोन बोटं जाड दोरीपुढे त्याला काही सुचेना. येसाजी पडवीत उभा राहून "आवळ, आवळ" म्हणत होता.

मग सहदेव पुन्हा दारात. अंगावरून पाणी निथळत होतं.

"आये, कापड?"

कापडासाठी पोलादपूरला माणूस धाडायचा म्हणजे संध्याकाळ झाली असती, आणि दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायला हवा होता. रंगूबाई उठली. पेटीतून तिनं धोतरजोडा काढला. शिमग्याला सहदेवनं आणलेला, त्याच्याच गिरणीतला. गोमाजीनं तो एकदाही नेसला नव्हता. शेतात जाणाऱ्याला एवढं पांढरं कशाला, म्हणाला होता. घडी उलगडली तर टोकाला गिरणीचा निळा शिक्का तसाच होता आणि दोन्ही बाजूंनी बारीक लाल काठ.

"ह्ये चालंल," ती म्हणाली, "पन काठ नको. काठ जित्या मानसाला. फाडून काढ."

सहदेवनं दातांनी काठाला चीर दिली आणि तो टर्रकन ओढला. चार महिने घरात बसून बापाचं खाल्ल्याचं त्याला आधीच खात होतं. हे धोतर तेवढं आपण दिलं असं त्याला वाटायचं. तो लाल काठाची गुंडाळी हातात घेऊन उभा राहिला आणि ती कुठे टाकायची हे विचारायचं त्याच्या जिवावर आलं.

"चुलीत टाक," रंगूबाई न विचारताच म्हणाली.

गोमाजीला अंघोळ घातली, त्या कापडात गुंडाळला, तिरडीवर ठेवला. चुलीतले निखारे मडक्यात भरले. मडकं हातात धरून कसं नेणार, चटका बसेल, म्हणून सहदेव फडकं शोधायला लागला तेव्हा येसाजीला संधी मिळाली. "शिकाळं पायजे, शिकाळं! काय येत नाय रे तुमाला मुंबैकरांना!" मग तीन कामट्यांचा त्रिकोण आणि वर दोरी, त्यात मडकं बसवून हातात लोंबतं धरायचं, हे रंगूबाईनंच चांगूला बोटांनी दाखवलं. येसाजीला नाव ठाऊक होतं, करून दाखवता आलं नसतं.

आता तिच्याकडे थोडा वेळ उरला होता. तिरडी उचलली की बाया तिच्या हातातल्या बांगड्या फोडणार, कुंकू पुसणार. त्यानंतर तेरा दिवस तिनं कोपऱ्यात बसायचं, कोणाला काही सांगायचं नाही, कोणी तिला विचारायचं नाही. तिनं सहदेवला जवळ बोलावलं आणि कानात सांगितल्यासारखं हळू बोलायला लागली.

"नीट ऐक. घरातनं निघताना पाय फुडं. तू सगळ्यांच्या फुडं, शिकाळं घेऊन. मागं कोन काय बोललं तरी थांबायचं नाय. आंब्याखाली विसावा. विसावा म्हंजे तिरडी भुईवर टेकायची, एकदाच. तिथं ती फिरवायची, डोकं फुडं करायचं, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या. समजलं?"

"समजलं."

"आन् विसाव्याच्या फुडं ती खाली ठेवायची नाय. काय बी झालं तरी नाय. एकदम सरनावरच."

"का गो?"

"भागोजीच्या आयेला ठेवली हुती. एकाला इंचू चावला म्हनून गडबड झाली, तिरडी टेकवली. तुजा बाप घरी आला तर पानी ओतून घेईना. म्हनाला, मेलेल्याला दुसऱ्यांदा भुई लागली की त्याला वाटतं आपल्याला परत घरी न्यायचं हाय. मंग त्याचा पाय निघत नाय. ना हितं, ना तितं. आठ दीस जेवला नाय धड." ती थांबली. "ह्याला तसं नको."

सहदेवनं सगळं परत म्हणून दाखवलं. पाय पुढे, विसावा, फिरवायची, खाली ठेवायची नाय. दोनदा म्हणून दाखवलं. मग येसाजीनं बाहेरून हाक दिली, तिरडी उठली, आणि बायांनी रंगूबाईची दोन्ही मनगटं दगडावर धरली.

बांगड्या फुटल्या. हिरव्या काचेचा एक तुकडा तिच्या मनगटात घुसला, थोडं रक्त आलं. आता तरी रडावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण मन तिरडीमागून चाललं होतं. आता वेस आली असेल. आता आंबा आला असेल. टेकवली असेल. फिरवली असेल ना? सून जमीन सारवत होती. कोणी तरी, गेलेल्याची पावलं उमटतात का बघायला, तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली. रंगूबाई कोपऱ्यात बसून मनात पावलं मोजत राहिली आणि ती पावलं मसणवटापाशी पोचली तेव्हा दारात चांगू धापा टाकत उभा होता.

सुतकात बसलेल्या बाईला दारातून हाक मारायची नसते. चांगूला ते ठाऊक नव्हतं, किंवा असून त्यानं विचार केला नाही.

"काकी, साकव गेला."

ओढ्यापलीकडे मसणवट. ओढ्यावर तीन ओंडके टाकून केलेला साकव होता, सकाळपर्यंत होता, आता नव्हता. पाणी छातीएवढं आणि लाल, मधून झाडाच्या फांद्या वाहत होत्या. रंगूबाईनं भुईवर हात टेकला.

"मंग काय करतात?"

"येसाजीतात्या म्हनतो, ह्याच काठाला खड्डा मारून मातीत ठिवू. उद्या-परवा पानी उतरलं की बगू. सरन रचायला कोरडी जागाच नाय म्हनतो."

"मातीत?" बायांत कुजबुज झाली. माती द्यायची ती दात न आलेल्या लेकराला. देवी येऊन मेलेल्याला. "आन् तिरडी कुठं ठेवलीत?" रंगूबाईनं विचारलं.

चांगूनं आपल्या खांद्याला हात लावला. सदरा तिथं फाटला होता आणि खाली कातडी सोलून लाल झाली होती. "ठेवली कुठं? सहदेव ठिवू देत नाय. विसावा झालाय, म्हनतो, आयेनं सांगितलंय, खाली ठेवायची नाय. आमी बदलून बदलून खांदा देतोय. हैबती घसरला चिखलात, तर सहदेवनं एका हातात शिकाळं धरून दुसरा खांदा स्वतः लावला. येसाजीतात्यानं शिव्या घातल्या, तरी ऐकत नाय. काकी, तू सांग त्याला. तू सांगितलंस तर ठेवंल तो."

नवऱ्याच्या तीस वर्षांच्या तक्रारी रंगूबाईनं मनात एकेक करून पालथ्या घातल्या. जुनं सुंभ, गळकं मडकं, चुकलेला पाय, ओलं लाकूड. साकव वाहून गेल्याची तक्रार त्यात नव्हती. असा दिवस त्याला कधी आलाच नव्हता. तिला त्याचा राग आला. सगळं सांगितलंस, मेल्या, आणि हे नाही सांगितलंस. आता कोणाला विचारू?

मग तिनं खुंटीवरचं इरलं काढून डोक्यावर घेतलं.

"गो रंगू! अगो कुठं चाललीस?" बाया उठल्या. "सुतकात हायेस. बायकांनी जात नाय!"

"ठाव हाय," ती म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर पडली.

वाट उताराची, निसरडी. पायाच्या अंगठ्यानं चिखल धरत धरत ती उतरली. वेशीच्या दगडापाशी क्षणभर थांबली आणि पुढे गेली. आंब्याखाली, जिथं तिरडी टेकली होती तिथं, गुलाल पाण्यानं पसरला होता. त्याच्या पुढे ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती.

ओढ्याचा आवाज एवढा होता की माणसांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. काठावर चौघं तिरडी खांद्यावर घेऊन उभे होते. पाय फाकवून, तोंडं वेडीवाकडी. पावसानं कापड गोमाजीच्या अंगाला चिकटलं होतं आणि नाक-कपाळ स्पष्ट दिसत होतं. पुढच्या उजव्या बांबूखाली सहदेव. डाव्या खांद्यावर बाप, उजव्या हातात शिकाळं, शिकाळ्यावर इरलं झाकलेलं. दर थोड्या वेळानं तो मान वाकडी करून इरल्याखाली फुंकर मारत होता. निखारे अजून जिवंत होते.

येसाजीनं तिला येताना बघितलं. "ही कशाला आली? कोनी बोलावली बाईला? चांगू, तिला परत ने!"

रंगूबाई त्याच्या समोर येऊन उभी राहिली. इरल्याखाली तिच्या डोक्यावरचा पदर मागं गेला होता. तिनं तो सारखा केला नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "मातीत नाय ठेवायचा त्याला."

बत्तीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. येसाजी इतका गोंधळला की त्यानं नजर खाली केली, जणू चूक त्याचीच झाली होती. "मंग काय करू? जागा दाखव तू कोरडी," तो ओरडला, पण ओरडण्यात जोर नव्हता.

तिनं उताराकडे बघितलं. ओढ्यापासून वीस हात वर तिचाच नाचणीचा तुकडा. उताराला असल्यानं तिथं पाणी ठरत नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी गोमाजीनं आणि तिनं मिळून तिथं रोपं लावली होती. त्या दिवशी भिजला आणि तापला तो. रोपं आता हातभर झाली होती, हिरवी, एका ओळीत. कडेला राखणीची खोपी, वरून गवतानं शाकारलेली.

"तितं," ती म्हणाली.

"अगो, उभं पीक हाय! आन् मयताची राख शेतात? वर्साचं खायचं काय?"

"ज्यानं लावलं तोच जातोय," रंगूबाई म्हणाली. "खोपी मोडा. आतलं गवत कोरडं असंल. खांब सागाचे हायेत, तेबी घ्या."

पुढे ती कोणासाठी थांबली नाही. वर चढून नाचणीत वाकली आणि दोन्ही हातांनी रोपं उपटायला लागली. मुळांना माती धरून होती, ती झटकून रोप बांधावर टाकायचं, दुसरं धरायचं. बेणणीत गवत काढतात तसंच, फक्त आज पीक निघत होतं. मनगटातल्या जखमेत चिखल जाऊन आग होत होती. थोड्या वेळानं तिच्या बाजूला चांगू वाकला. मग हैबती. गिरणीवाल्यांना गवत आणि पीक ओळखता येत नव्हतं, आज त्याची गरजही नव्हती. माणूस निजेल एवढी जागा मोकळी झाली, मग सरणाएवढी.

खोपी मोडली. वरचं गवत कुजकं निघालं, पण आतले दोन थर खडखडीत होते. मयताबरोबर प्रत्येक घरातून आलेलं एकेक लाकूड, खोपीचे चार खांब, आडवे वासे, सगळं रचलं. हे रचणंही धड कोणाला येत नव्हतं. एकदा ढासळलं. तोवर तिरडी खांद्यावरच होती, आता उतारावर, त्यामुळे मागच्या दोघांचे खांदे जास्त भरून आले होते. सहदेवचे ओठ निळे पडले होते.

"चल, आन वर," शेवटी रंगूबाई म्हणाली.

तिरडी भुईला न लागता सरणावर चढली. सहदेवचा खांदा मोकळा झाला तेव्हा त्याला हात खाली घेता येईना. तो तसाच वर आकडलेला राहिला आणि दुसऱ्यानं धरून खाली केला. त्याच्या सदऱ्यावर रक्ताचा गोल डाग होता. त्यानं आईकडे बघितलं.

"बरोबर झालं ना गो आये?"

तिला आता काही माहीत नव्हतं. इथवर तिची विद्या कधीच पोचली नव्हती. "झालं," ती म्हणाली.

इरली डोक्यावर धरून माणसं गोल उभी राहिली आणि त्यांच्या आडोशानं सहदेवनं निखारे कोरड्या गवतात घातले. पुष्कळ वेळ नुसता धूर. मग गवतानं पेट घेतला, मग वाशांनी. धूर खाली बसून तिच्या तोंडावर आला. हा वास तिच्या ओळखीचा होता. तीस वर्षं ती तो उंबऱ्याबाहेरच्या दगडावर नवऱ्याच्या अंगावरून धुऊन काढत आली होती, आणि दर वेळेला तो दुसऱ्या कोणाचा असायचा.

ज्वाळा वर आल्या, सागाचे खांब पेटले. आता पावसानं विझणार नाही हे सगळ्यांना कळलं. ढगाआड दिवस कधी कलला ते दिसलं नव्हतं, पण उजेड अजून होता. येसाजी खोकला. इतका वेळ गप्प राहणं त्याला जड गेलं असणार.

"चला आता," तो म्हणाला. "ओळीनं चाला. मागं वळून कोनी बगायचं नाय. बगितलं की मयत मागोमाग घराला येतं."

एवढं एक त्याला खरोखर ठाऊक होतं. पुरुष बांधावरून उतरले आणि वाटेला लागले, पुढे येसाजी, मग बाकीचे, मग सहदेव, एक खांदा खाली पडलेला. सगळ्यांच्या माना खाली. शेवटी रंगूबाई.

ती वीस-पंचवीस पावलं चालली. अंगातलं सगळं बळ सरलं होतं. सकाळपासून तिनं सांगितलं होतं, बांबू किती, कापड कोणतं, पाय कुठं, विसावा कुठं. त्याला कुठे अडखळायला नको, त्याचा जीव मागं ओढला जायला नको म्हणून एकेक गोष्ट नीट करून घेतली होती, आणि आता घरी जायचं होतं. घरी सारवलेली जमीन होती. कोपरा होता. मागं बघायचं नाही हा रिवाज पुरुषांनी पुरुषांना सांगितलेला. बाईनं काय करावं हे कोणी कधी ठरवलंच नव्हतं, कारण बाई इथं कधी आलीच नव्हती.

मागं बघितलं की मागोमाग घराला येतो.

येऊ दे, रंगूबाईला वाटलं. येऊ दे ना.

ती थांबली आणि सरळ मागं वळली. उपटलेल्या नाचणीच्या मधोमध तो जळत होता. तिनं डोळे भरून बघितलं, आणि सकाळपासून अडलेला दुसरा हंबरडा तिच्या तोंडून बाहेर पडला, ओढ्याच्या आवाजावरून वर गेला. पुढची सगळी माणसं वाटेवर जागच्या जागी थांबली. वळायची तर सोय नव्हती. सहदेव आईकडे पाठ करून पावसात उभा राहिला आणि बाकीचेही उभे राहिले. आता कोणालाच तिला काही विचारायचं नव्हतं, आणि ती रडत राहिली.